मॅनिफोल्डचं पॅकिंग सारखं का उडतंय?

सातारी_जीपवाला: मंडळी, जुन्या डिझेल जीपचं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा भाग) पॅकिंग वर्षात तिसऱ्यांदा गेलं. सकाळी थंड इंजिनला टिकटिक, तापलं की गप्प, आणि यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की परत फटफट. मिस्त्री म्हणतो मालच डुप्लिकेट येतोय. काय करू?

मिरजेचा_पाना: पॅकिंगला कशाला शिव्या, मॅनिफोल्ड वाकला असणार. काढून तोंडावर सरळ पट्टी धर आन् खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकव, जिथं पान आत जातंय तिथनंच गॅस मारतोय. फेसिंग करून घे, म्हंजे तोंड मशीनवर सपाट करून घे, इंजिनच्या हेडची बाजू खरवडून साफ कर, स्टड (मॅनिफोल्ड धरणारे आट्यांचे दांडे) नवे घाल. आवळताना मधनं बाहेर जायचं, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना), आपल्याकडं पान्याला पाइप लावून लोंबकळतात आन् स्टड तुटला की बोंब!

घाटातला_गडी: सायलेन्सर टांगायचे रबर बघ आधी. एक तुटला की सगळा पाइप मॅनिफोल्डला लोंबतो, माझी दोन पॅकिंगं त्यातच गेली.

सातारी_जीपवाला: आयला, एक रबर गायबच हाय! फेसिंगला पण टाकतो उद्या. सिलिकॉन लावू का?

मिरजेचा_पाना: साधं नको, जळून जातंय. गाडी दोन-चारदा तापून गार झाली की गार असतानाच नटांचा टॉर्क परत बघ.