बीपीच्या गोळ्या चालू असतील तर
‘गुडघेदुखीवर चार दिवस आयबुप्रोफेन घेतली तर काय बिघडलं?’ असं विचारलंत, म्हणून कळकळीने लिहिते. बाबांना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी जास्त करवणारी गोळी चालू होती. त्यात त्यांनी मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून आठवडाभर घेतली. पावलं सुजली, चपलेचा पट्टा रुतायला लागला; किडनी किती नीट काम करते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन २.१ निघालं, म्हणजे वाढलेलं. या तीन गोळ्या एकत्र आल्या की किडनीतला रक्ताचा दाब घटतो आणि तिला रक्त नीट गाळता येत नाही; उन्हाळ्यात, जुलाबात धोका आणखीच वाढतो. आयबुप्रोफेन बंद केल्यावर बाबा सावरले, पण तो आठवडा आठवला की अजून पोटात गोळा येतो. पॅरासिटामॉल त्या मानाने बरी, मात्र सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ती असते, तेव्हा पाकिटावरचं वाचून दिवसभरात एकूण किती पॅरासिटामॉल पोटात जाते याची बेरीज करा. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.