टिटलिस आणि ल्युसर्न एकाच दिवसात, आईला झेपेल का?

साबुदाणा_वडा:
मंडळी नमस्कार, मे महिन्यात आई (वय ७१) आणि मावशी ग्रुप टूरने युरोपला चालल्यात, मला सुट्टी नाही म्हणून मी नाहीये बरोबर. आयटिनररी बघत होतो तर सातव्या दिवशी झुरिकजवळच्या हॉटेलातून सकाळी ७.३० ला निघून टिटलिस (बर्फाचा डोंगर), मग ल्युसर्न शहर, रात्री जेवून परत हॉटेल. कागदावर छान दिसतंय पण आईला बीपीची गोळी चालू आहे, डावा गुडघा कुरकुरतो, आणि ३००० मीटर म्हणजे कळसूबाईच्या दुपटीला थोडंच कमी झालं की! वर जावं का, ल्युसर्नला नक्की वेळ किती मिळतो आणि नको वाटलं तर बसमध्येच बसून राहता येतं का? टूरवाल्यांना फोन केला तर "सर, सगळे सिनियर सिटिझन एंजॉय करतात" एवढंच ऐकवतात. ज्यांनी केलंय त्यांनी खरंखरं सांगा.

चहात_खारी:
आम्ही २०१८ ला सासूबाईंना घेऊन गेलेलो, त्या तेव्हा ६९. वर चढायचं वगैरे काही नसतं, एंगेलबर्गला बस थांबते तिथून छोट्या केबिनने पंधरा-सोळा मिनिटांत स्टँड नावाच्या स्टेशनला (२४२८ मीटर) आणि तिथून रोटेअर, म्हणजे गोल फिरणारी मोठी केबल कार, पाचेक मिनिटांत थेट ३०२० मीटर. त्रास होतो तो इथेच, अर्ध्या तासात हजार मीटरवरून तीन हजारावर जातो आपण आणि शरीराला कळत नाही काय चाललंय. सासूबाईंना वर उतरल्यावर चार पावलांत दम लागला, बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या, मग बऱ्या झाल्या. आमच्या ग्रुपमधले एक काका मात्र उतरल्या उतरल्या बर्फात पळत सुटले आणि नंतर अर्धा तास पांढरेफटक. बर्फाच्या गुहेत पायाखाली ओलं असतं, गुडघा दुखत असेल तर ती सरळ सोडा. झुलत्या पुलावर वारा असला तर मला पण धडकी भरली, खाली ५०० मीटर नुसती हवा. शाहरुख-काजोलच्या कटआउटपाशी आपल्याच लोकांची रांग, त्यात २० मिनिटं गेली (हो मी पण काढला फोटो, हसू नका).
बसमध्ये बसायचं विसरा, ड्रायव्हर लॉक करून जातो. आणि ल्युसर्न! सव्वा तास मिळाला, त्यातली ४० मिनिटं एका घड्याळांच्या दुकानात, बाहेर आलो तर मॅनेजर म्हणे चला चला बस लागली. तो कड्यात कोरलेला प्रसिद्ध सिंह राहिला तो राहिलाच.

आल्प्सवाली_ताई:
मी ल्युसर्नजवळच राहते, १४ वर्षं झाली. ती "चला चला" मॅनेजरच्या स्वभावातून येत नाही ताई, ड्रायव्हरच्या टॅकोग्राफमधून (गाडी किती वेळ चालवली ते नोंदवणारं मशिन) येते. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक, दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच १०, आणि रात्री साधारण ११ तास सलग विश्रांती. सगळं मशिनमध्ये रेकॉर्ड होतं, पकडला तर दंड. म्हणजे सकाळी कोणी २० मिनिटं उशिरा आलं की ती २० मिनिटं संध्याकाळी कुठून तरी कापणार, आणि टिटलिसचं तिकीट तर आधीच काढलेलं, मग कापतात ल्युसर्नच.
साबुदाणा_वडा, आईंना वर जायचं नसेल किंवा मध्येच कसंतरी वाटलं तर ट्रुबसे स्टेशनला (१८०० मीटर) उतरता येतं, तळं आहे, बसायला जागा आहे, पण मॅनेजरला आधी सांगून ठेवा म्हणजे परतताना शोधाशोध नको. जायच्या आधी डॉक्टरांना "तीन हजार मीटर" हा आकडा सांगून विचारा, नुसतं "स्वित्झर्लंडला जातेय" म्हणू नका.
ल्युसर्नला बस बहुतेक श्वानेनप्लाट्झला सोडते. चॅपल ब्रिज तिथून दोन मिनिटांवर, १४व्या शतकातला लाकडी पूल, पण १९९३ च्या आगीत बराचसा जळला आणि पुढच्या वर्षी परत बांधला, म्हणून काही लाकूड काळं जुनं आणि बरंचसं नवं दिसतं. सिंह उलट्या दिशेला, सावकाश चालत १५ मिनिटं, रस्ता सपाट, तिकीट नाही. १७९२ मध्ये पॅरिसच्या राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांसाठी १८२१ मध्ये आख्ख्या कड्यात कोरलाय, बरगडीत भाला घुसलेला, मान टाकलेली. फोटोत कळत नाही, समोर उभं राहिलं की गप्प होतो माणूस. दोन्हीला वेळ पुरेल, दुकानात शिरलं नाही तर. पाणी विकत घेऊ नका, चौकातल्या कारंज्यांना बाटली लावा, फक्त 'काइन ट्रिंकवासर' पाटी असेल तिथलं पिऊ नका.

निवृत्त_पण_प्रवृत्त:
वरील सर्व ठीक. माझी भर एवढीच की एक-दोन फ्रँकची नाणी खिशात ठेवा, हायवेवर स्वच्छतागृह बऱ्याच ठिकाणी फुकट नसतं आणि रांगेत आपल्यामागे ४० जण उभे असताना नोट मोडून मिळत नाही. आमच्या सौ.नी एका पोलिश बाईकडून नाणं उसनं घेतलं होतं, मोबदल्यात खाकरा दिला.

साबुदाणा_वडा:
सगळ्यांना थँक्यू, ताईंची पोस्ट आईला वाचून दाखवली. आई म्हणते पैसे भरलेत तर वर जाणार म्हणजे जाणार, गुहा सोडते फार तर. सिंह पण बघायचाच. डॉक्टरची अपॉइंटमेंट गुरुवारी घेतलीये. आता एकच प्रॉब्लेम, मावशीला घड्याळ घ्यायचंय आणि दोघी एकमेकींना सोडून कुठे जात नाहीत.