नारळी पुनवेला मुलाला नेमकं काय दाखवू?

ऐरोलीची_आई:
मुलगा सातवीत आहे. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला, हे त्याला तोंडपाठ. पण गेल्या वर्षी नारळी पुनवेची मिरवणूक बघून आला आणि म्हणाला, "आई, खाडी वाचवा म्हणतात आणि तिच्यातच चकचकीत कागदात गुंडाळलेला नारळ टाकतात?" मी गप्प. आम्ही मूळचे सोलापूरकडचे, दर्याचे सण घरात नाहीत. कोळीवाड्यातलं कुणी असेल तर सांगा ना.

वाशीकर_९:
नारळ वाहिल्यावरच मासेमारी सुरू होते, त्यामागे विज्ञान आहे, असं सांगतात. पण मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, तीही सरकारी आदेशाने. नारळाचा संबंध काय? उगाच विज्ञान शोधत बसू नका.

चेंदणीचा_नाखवा:
ताई, पोरगा बरोबर बोलला.

वाशीवाले दादा, तारखा सरकारच्याच. पण ती बंदी यांत्रिक बोटींना, आमच्या वल्ह्याच्या होडीला नाही. आम्हाला अडवते ती आमची आय. २०२३ ला अधिक श्रावण होता, पुनव थेट ३० ऑगस्टला आली. बंदी उठून महिना झालेला, तरी तिने होडीला हात लावू दिला नाही. पावसात मासळी गाभोळीने भरलेली असते. "पोटुशीला जाळ्यात घ्यायचं नाय," एवढंच तिचं शास्त्र. त्या महिन्यात घरात पैशाची ओढाताण झाली, तेही सांगतो.

आता नारळ. आमच्या घरच्या नारळाला कागद नसतो. हळद-कुंकू, बस. आय गुडघाभर पाण्यात उभी राहते, दोन्ही हातांनी नारळ पाण्यावर टेकवते आणि लाट घेऊन जाईपर्यंत सोडत नाही. लहानपणी मी एकदा लांब भिरकावला, तर पाठीत धपाटा. "पावण्याला ताट फेकून वाढतोस का?"

आणि हे भरतीलाच करायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, म्हणून आम्ही साडेबाराच्या सुमारास जातो. मिरवणूक डीजेसकट संध्याकाळी सहाला पोचते, तेव्हा पाणी उतरलेलं. नारळ पडतो चिखलात. दुसऱ्या दिवशी तिवरांच्या वर आलेल्या मुळांत अडकलेला सोनेरी कागद मी काढतो. ओला झाला की नखालाच चिकटतो मेला, झटकून जात नाही. आमचीच माणसं आहेत, भांडून झालंय. या वर्षी परत भांडणार.

वाशीकर_९:
पाऊणपटीचं माहीत नव्हतं. बाकी मत तेच.

ऐरोलीची_आई:
दादा, काल पंचमी होती. चिरंजीवांनी पाच गुणिले पाऊण करून पावणेचारला मला खाडीवर नेलं. पाणी तरी चढतच होतं. साडेचारपर्यंत थांबलो. आता म्हणतो, तुमचं गणित चुकलं.

चेंदणीचा_नाखवा:
चुकलं नाय, त्याने खाडी धरली नाय हिशोबात. त्याला म्हणावं, अजून चार तिथ्यांना वेळ लिहून ठेव, म्हणजे तिथे पाणी किती उशिरा येतं ते कळेल. पुनवेला साडेबाराच्या आत ठाण्याला आमच्या चेंदणी कोळीवाड्यात घेऊन या. कपडे जुने घाला. नंतर ओहोटीला थांबलात तर चिखलात निवट्या दाखवीन, चिखलावर उड्या मारणारा मासा.