सुट्टीत तिसरीतल्या मुलाला वाचायला कसं लावू? (शिबिर नको आहे)

लातूरची_आई

मुलगा तिसरी संपवून चौथीत जातोय, सेमी इंग्रजी. मराठी वाचता येतं, पण वाचत नाही. दोन ओळी झाल्या की "पुढचं तूच सांग ना." पूर्ण मे महिना तो औशाजवळ माझ्या आईकडे असणार. मी फक्त शनिवार-रविवारी जाईन. आई सातवी शिकलेली, चष्मा लावून रोज पोथी वाचते. गावात वाचनालय आहे, पण संध्याकाळीच उघडतं आणि तिथे माणसं पेपर वाचत बसलेली असतात.

शाळेने 'दहा पुस्तकं वाचून सारांश लिहा' आणि 'टाकाऊपासून टिकाऊ' असं दोन्ही दिलंय. मागच्या उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या काड्यांची घरं वर्गातल्या सगळ्या आयांनी केली, मुलांनी फक्त उचलून शाळेत नेली. यंदा त्याने स्वतः काहीतरी करावं आणि त्यातून थोडं वाचावं, एवढीच अपेक्षा. खर्च फार नको.

कोथरूडकर_बाबा

भिंतीवर तक्ता लावा. एक पुस्तक संपलं की एक स्टार, दहा स्टार झाले की बक्षीस. आमच्या मुलीने सायकलसाठी धडाधड वाचली.

माणदेशी_बाई

ताई, मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवते. तक्त्याचं आधी बोलते. स्टार मिळणार म्हटल्यावर पोरं कपाटातलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधतात, आणि ते शोधण्यात ती फार हुशार असतात. सायकल आली की वाचन संपलं. कोथरूडकरांची लेक अपवाद असेल, आनंद आहे.

माझं म्हणणं असं की त्याला पुस्तकं 'संपवायला' देऊच नका. महिन्याभरात त्याने एक हस्तलिखित काढायचं. आजीच्या गावाचं. सोळा पानी, संपादक तोच, चित्रकार तोच. अंक भरायचा म्हटलं की मजकूर लागतो, आणि मजकूर शोधायला निघालेलं पोर वाचतं. तेव्हा त्याला "वाच" म्हणावं लागत नाही.

एफोरचे चार कागद घ्या, एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. झाली सोळा पानं. दुमडलेले असतानाच कोपऱ्यात पेन्सिलीने १ ते १६ आकडे घालायला लावा आणि मग कागद सुटे करा. १ च्या शेजारी १६, २ च्या शेजारी १५. पोरं बुचकळ्यात पडतात. समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज कायम १७ येते, हे तुम्ही सांगू नका. त्याला सापडू द्या. सापडलं की तो अख्ख्या गल्लीला सांगत फिरेल. शिवण अगदी शेवटी: घडीवर दाभणाने तीन भोकं, जाड दोरा, मधल्या भोकातून सुरुवात आणि मधल्यातच गाठ. दाभण आजीच्या हातात.

आता आत काय. मे महिन्यात आजीकडे कुरडया होतच असतील. गहू तीन दिवस भिजत घालणं, रोज पाणी बदलणं, वाटून गाळणं, रात्रभर चीक खाली बसू देणं, सकाळी वरचं पाणी ओतून तो शिजवणं, मग सोऱ्या. म्हणजे चार-पाच दिवस चालणारी बातमी घरातच आहे. त्याने वार्ताहर म्हणून रोज दोन ओळी लिहायच्या. आजी म्हणेल "अंदाजाने मीठ." त्याने विचारायचं, अंदाजाने म्हणजे किती चमचे? लिहून झालं की आजीला वाचून दाखवायचं. ती चुका काढतेच, "अरे, आधण आधी, चीक नंतर!" मग खोडा, पुन्हा लिहा, पुन्हा वाचा. एकच मजकूर चार वेळा वाचून होतो आणि पोराला कंटाळा येत नाही, कारण समोरच्याला तो खरोखर बरोबर हवा असतो. आपल्या सारांशात नेमकं हेच नसतं. बाईंना गोष्ट आधीच माहीत असते, मग सांगायची कुणाला?

दुसरा मजकूर सावलीचा, आणि माझा हा फार आवडता आहे. अंगणात एक सरळ काठी पुरा. तुमच्याकडे सूर्य दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास सगळ्यात वर येतो, बारा वाजता नाही. त्या वेळी रोज सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा आणि लांबी पट्टीने मोजून लिहायची. सावली रोज आखूड होत जाते आणि लातूर-औशाकडे साधारण १२ ते १४ मेच्या दरम्यान एके दुपारी काठीची सावली तिच्या पायाशीच गडप होते. शून्य सावली. त्यानंतर ती पुन्हा वाढते, पण उलट्या बाजूला! आधी उत्तरेला पडणारी दुपारची सावली आता दक्षिणेला. खडे पाहिले की ते कुणी सांगावं लागत नाही. असा दिवस जुलैअखेरही येतो, पण तेव्हा ढग असतात. टोपी घालून पाच मिनिटंच बाहेर, उन्हाचं एवढं बघा.

बाकी पानं त्याची तो भरेल. गावातल्या दुकानांच्या पाट्या, बहाव्याचं चित्र, शेजारच्या म्हशीची मुलाखत. आमच्याकडे एका पोराने मेंढरांची नावं आणि स्वभाव असं एक पान केलं होतं, आजही वर्गात मागून वाचतात.

लातूरची_आई

बाई, तुमचं वाचून मलाच सुट्टी हवीशी वाटली. दोन शंका. तो ऱ्हस्व-दीर्घ फार चुकवतो, ते कोणी तपासायचं? आणि शाळेच्या दहा सारांशांचं काय?

निवृत्त_ग्रंथपाल

नमस्कार. मी तालुक्याच्या वाचनालयात नोकरी केली. गावातल्या वाचनालयात पेपर दिसले तरी कपाटात मुलांची पुस्तकं असतात, बहुधा कुलूपबंद. मूल एकटं गेलं तर कोणी कपाट उघडत नाही. पहिल्या शनिवारी तुम्ही सोबत जा, वर्गणी भरा आणि त्याच्या हाताने पुस्तक निवडू द्या. त्याने चित्रांचं, लहान मुलांचं निवडलं तर "हे तर पहिलीचं" असं म्हणू नका. अडखळत वाचणाऱ्याला सोप्या पुस्तकानेच वेग येतो.

'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते. जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. हस्तलिखित काढायचं असेल तर अंक कसा असतो हे पाहायला याहून चांगलं काही नाही: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, कोडी, मुलांची पानं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी मोफत मिळतात. तिथे वाचनपातळ्या आहेत, दुसरी पातळी घेऊन सुरू करा. मोबाइलवर देण्यापेक्षा सात-आठ गोष्टी छापून घेऊन जा, एकदा मोबाइल हातात आला की गोष्ट मागे पडते.

येता-जाता पाचगणी-महाबळेश्वर होणार असेल तर भिलारला थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचता येतात. बालसाहित्याची जागा वेगळी आहे. पण मुद्दाम लातूरहून जाण्याइतकं नाही, लांब पडतं.

माणदेशी_बाई

ग्रंथपालकाकांनी कुलपाचं बोललात ते शंभर टक्के खरं.

ताई, ऱ्हस्व-दीर्घ: कच्चं लिहिताना कोणीही लाल पेन हातात घ्यायचं नाही, तुम्ही तर नाहीच. शनिवारी गेलात की फक्त मोठ्याने वाचून घ्या. पक्कं करायच्या आधी 'संपादक तपासणी' ठेवा. एका पानात त्याने स्वतःला शंका असलेल्या पाचच शब्दांखाली रेघ मारायची आणि ते पुस्तकात किंवा आजीच्या पोथीत शोधायचे. पोथीतली भाषा जुनी असते, सगळे सापडणार नाहीत, तिथे आजी-नातवाची वादावादी होऊ द्या. उरलेल्या चुका तशाच राहू देत, मी आमच्या अंकांतही ठेवते.

रात्री झोपताना आजीने पोथीतली नाही, साधी गोष्ट वाचून दाखवायची. आजी थांबली की पुढचं एक पान त्याने. त्याचं "तूच सांग ना" आहे ना, ते चांगलं लक्षण आहे. त्याला गोष्ट हवी आहे, फक्त वाचायचे कष्ट नको आहेत.

सारांशाचं म्हणाल तर शाळेत आताच जाऊन विचारा, दहाऐवजी हे हस्तलिखित चालेल का. टाकाऊपासून टिकाऊ त्यातच येतं, मुखपृष्ठाला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा वापरा. बहुतेक शिक्षक हो म्हणतात, आम्हालाही तीस एकसारखे सारांश वाचायचा उत्साह नसतो. नाहीच म्हणाले तर पातळ पुस्तकांचे दोन-दोन ओळींत उरकून टाका आणि त्यावर वेळ घालवू नका.

आणि झेरॉक्स काढायची असेल तर शिवायच्या आधी काढा. शिवल्यावर मधली पानं सपाट बसत नाहीत, घडीजवळची अक्षरं काळी येतात. दोन-तीन प्रती तरी काढाच, आजीची बहीण मागणार, वाचनालयवालेही मागतील.