चार घासांत धाप लागते, वजन घटतंय. त्याच वाटीत काय घालू?

लालबागची_सून: सासूबाईंना (वय ६८) सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. चार महिन्यांत ४४ किलोवरून ४१ वर आल्या. चार घास खाल्ले की धाप लागते आणि ताट बाजूला. सकाळी पेज, दुपारी अर्धी पोळी-वरण, रात्री सूप. डायबिटीस नाही, किडनीचे रिपोर्ट नॉर्मल. शाकाहारी आहेत, दूध पचतं. काय बदलू?

माटुंगा_डाएट: ताई, आधी पेज आणि सूप थांबवा. पाण्यानेच पोट भरतं, अंगी काही लागत नाही. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी, प्रथिनं आणि पिष्टात ४. म्हणजे चहाचा चमचाभर तूप साधारण ४५. मऊ मुगाच्या खिचडीच्या वाटीत दोन चमचे घातलं की घास तेवढेच, कॅलरी ९० जास्त. वरून ओतू नका, तवंग बघूनच नको म्हणतील. गरम असतानाच घोटून मुरवा.

दूध टोन्डऐवजी फुल क्रीम (६ टक्के फॅट). २०० मिली दूध, २० ग्रॅम होल मिल्क पावडर, एक केळं, मोठा चमचाभर पीनट बटर, मिक्सरमधून गुळगुळीत. साडेचारशेच्या आसपास कॅलरी, १५-१६ ग्रॅम प्रथिनं. अर्धा अकराला द्या, उरलेला लगेच फ्रिजमध्ये आणि चारला. आपल्या उकाड्यात ओट्यावर दोन तास राहिला तर सरळ ओतून टाका.

कूट_आणि_खोबरं: दाण्याचा कूट कोरडा भुरभुरू नका. ठसका लागला की जेवण तिथेच संपलं. दह्यात कालवा किंवा आमटीत शिजवा. पावसाळ्यात आठवड्यापुरताच करून फ्रिजमध्ये ठेवा, बुरशीचा किंवा कडवट दाणा दिसला की फेका. चणे, कोबी, फसफसणारा सोडा टाळा. पोट फुगलं की श्वासपटल (फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा) वर ढकललं जातं आणि धाप वाढते.

लालबागची_सून: सगळं उद्यापासूनच सुरू करू का?

माटुंगा_डाएट: एकदम नको. फॅट जठरात रेंगाळतं, मळमळलं तर पुढचं जेवणही जाईल. दोन-तीन दिवसांनी एकेक भर घाला. पाचेक दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर मात्र घरी प्रयोग नको, डॉक्टरांकडेच. अशा वेळी एकदम खाणं वाढवलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतं, ते जिवावर बेतू शकतं.

तीन किलो म्हणजे जवळजवळ ७ टक्के. हा आकडा छातीच्या डॉक्टरांना आताच सांगा. घरी ऑक्सिजन दिला असेल तर जेवताना नळी काढू नका.

कूट_आणि_खोबरं: वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर. पायांवर सूज असेल तर काटा फसवतो, दंडाचा घेरही टेपने मोजून लिहून ठेवा. आणि हे वाचणाऱ्या किडनीवाल्यांनी वरचा मिल्कशेक उचलू नये. केळं, दूध पावडर, शेंगदाणे, सगळ्यातच पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर.