पाणी द्यायला गेलात, तिथे नक्की काय केलंत? (अनुभव धागा)

मेकोसाबागकर

उन्हाळा लागला की आमच्या चर्चच्या तरुण संघात विषय निघतो, यंदा पाण्याच्या कामाला कुठे जायचं? मेळघाट, झरी-जामणी, गडचिरोली, की जवळच काटोल-नरखेडकडे, जिथे संत्र्याच्या बागांसाठी बोअरवर बोअर पडलेत आणि प्यायचं पाणी खाली खाली चाललंय. मग वर्गणी, टेम्पो, फोटो. परत आल्यावर रविवारच्या उपासनेत साक्ष. "प्रभूने आम्हाला वापरलं" हे वाक्य त्या साक्षीत हमखास असतं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण वापरलं म्हणजे कसं, ते कोणी सांगत नाही. हातात पाना होता, झाडू होता की नुसती वही? तुम्ही गेला नसतात तर ते काम अडलं असतं का?

तेवढंच इथे लिहा. ख्रिस्ती असा वा नसा. गावाचं नाव देऊ नका. धर्मांतरावर भांडायला हा धागा नाही, पण गावात कोणी तसा प्रश्न विचारला असेल तर तो जरूर लिहा.

जाता जाता: ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या नागपुरात 1883 पासून आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, तसेच भूगर्भाचे पक्के अभ्यासक होते. नागपूरभोवतीचे खडक आणि जीवाश्म त्यांनी पायी हिंडून गोळा केले आणि 1863 मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. दगड आणि पाणी हे इथल्या मिशनच्या मागे पहिल्यापासून लागलेलं आहे.

निवृत्त फिटर, जरीपटका

भाचा टाइप करून राहिला, मी सांगून राहिलो.

बहात्तरच्या दुष्काळात मी मराठवाड्यात मिशनच्या बोअरच्या गाडीवर हेल्पर होतो. वय काही नव्हतं. जेवण आणि पगार मिळतो म्हणून गेलो, सेवा वगैरे नंतर समजली. बोअर मारणं सोपं होतं. हवेचा हातोडा काळ्या दगडातून खाली जायचा, धूळ उडायची, मग चिखल यायचा, मग पाणी, आणि अख्खं गाव नाचायचं. खरी डोकेदुखी वर बसवायच्या हापशीची. तेव्हाच्या बिडाच्या हापशा म्हणजे एका घराच्या अंगणासाठी बनवलेल्या. तिच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळं गाव लटकलं की पिना झिजायच्या, दांडा तुटायचा. पाणी जमिनीत आहे, बोअर आहे, आणि बायका पुन्हा डोहावर.

आजच्या पोरांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. यावर उपाय मिशनच्याच वर्कशॉपांत निघाला. साठच्या दशकाच्या शेवटी जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादी पंप बनवला, सगळे सांधे काढून एकाच धुरीवर, म्हणजे आसावर, दांडा. मग सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाली. त्याच्यावरूनच पुढे सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि सरकारने मिळून इंडिया मार्क टू काढला. गावोगावी दिसते ती हापशी हीच. डोक्यात साखळी असते बघा, दांडा दाबला की सळई सरळ वर येते, वाकडी ओढली जात नाही.

तरुण संघाबरोबर मी अजून जातो. पोरं मला म्हणतात, काका, नवीन बोअर मारू. मी म्हणतो, आधी गावातल्या बंद हापशा मोजा. बऱ्याचदा आत चामड्याचे वायसर (वॉशर) गेलेले असतात, नाहीतर एखादा पाइप भोकाचा निघतो. पाइप वर खेचायला क्लॅम्प लागतो आणि चार-पाच दणकट माणसं लागतात. हीच तुमची गरज. तुमच्या दंडांची. बाकी मेकॅनिक पंचायत समितीचाही येतो, पण त्याच्याकडे गावं भरपूर आणि हात दोनच.

विज्ञानाची बाई

मी शाळेत शिकवते, म्हणून माझ्याकडे वही आली. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचा खरा, पण ओंजळीने, अंदाजाने, कोरडी भुकटी वरून भिरकावून. एक दिवस पाण्याला उग्र वास, मग आठवडाभर काहीच नाही. वास आला की बायका घरी नेतच नसत, ओढ्याचं आणत.

त्याच्याबरोबर बसून गणित केलं. विहिरीचा व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 3.14, भागिले 4, म्हणजे घनमीटर निघाले. त्याला 1000 ने गुणलं की लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल. चार मीटर रुंद विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर साधारण 37,700 लिटर, म्हणजे 94 ग्रॅम. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला, कारण तो त्याच्या कितीतरी पट टाकत होता. भुकटी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, ती बादली दोराने विहिरीत सोडून हिसळायची. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायचं. नळीत फिकट पिवळा रंग आला की झालं.

पोतं उघडं पडलं असेल तर हे सगळं गणित फुकट, कारण दमट हवेत क्लोरीन उडून जातो. आमच्या गटाने दिलेली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

सदर बाजार

मी नुसते पाइप उचलले. दुसरं काही नाही. खांदे आठवडाभर दुखले. एवढीच साक्ष.

दंतवैद्य, धरमपेठ

चर्चच्या गटात मी दात तपासायला गेले होते, पाण्याशी माझा संबंध नव्हता. गाव चंद्रपूरकडचं. शाळेतल्या पोरांनी तोंड उघडलं आणि समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे, एकाच्या नाही, ओळीने. हे ब्रशने जात नाही. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं आणि दात जबड्यात तयार होत असताना ते पोटात गेलं की असं होतं. लिटरला दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं तर पुढे हाडं आणि सांधेही धरतात.

आमच्यातल्या एका उत्साही भावाने सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. जंतूंसाठी ठीक. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. मग कोणीतरी नालगोंडा पद्धत काढली, जी आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली आहे: तुरटी, चुना, थोडं ब्लीचिंग, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी तोटीने काढायचं. पद्धत चांगली आहे. पण तुरटी किती घालायची हे त्या त्या पाण्यावर ठरतं, ते मोजावं लागतं, आणि गाळ रोज लांब नेऊन टाकावा लागतो. शेतातून आलेल्या बाईने हे रोज करावं अशी अपेक्षा कोणी केली, तर त्याने आधी स्वतःच्या घरी महिनाभर करून पाहावं. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्या बादल्यांत तूर भरलेली होती.

गटाने वर्गणी जमवली होती नव्या, आणखी खोल बोअरसाठी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाने थांबवलं. तिथे खोल पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं, फ्लोराइड त्यातच जास्त. गावाची जुनी उघडी विहीर, जी गाळाने भरून टाकून दिलेली होती, तिचं पाणी तपासलं तर मर्यादेच्या आत. वर्गणी गाळ काढण्यात, कठडा बांधण्यात आणि जाळी बसवण्यात गेली. ज्यांनी 'बोअरसाठी' पैसे दिले होते त्यांतले काही रुसले. विहीर उपसण्यात त्यांना काही मोठं केल्यासारखं वाटेना.

इंदोऱ्याचा

मी बौद्ध. मित्राच्या चर्चबरोबर गेलो, कारण सुट्टी होती आणि त्याच्या आईचा डबा होता. घरून आजीने विचारलं, "तू काऊन चालला त्यांच्यात?" मी म्हटलं, पाण्याचं काम आहे. मग ती काही बोलली नाही. 20 मार्च 1927 ला महाडला काय झालं हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं.

म्हणून गावात मी पहिले एवढंच पाहिलं की हापशी कोणत्या टोलीत (वस्तीत) बसणार आहे. सरपंचाच्या घरासमोरची जागा ठरलेली होती. मी पाळकांना (चर्चच्या पास्टरना) म्हटलं, तिथे बसली तर खालच्या टोलीतल्या बाया दुपारी येणार नाहीत. त्यांनी ऐकलं, शाळेजवळची जागा तपासून घेतली. हे माझ्याशिवाय झालं असतं का, माहीत नाही. कदाचित झालंही असतं.

एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, "पाणी देता तं द्या, पण मंग काय पाह्यजे तुमाले?" पाळक म्हणाले, "घरटी पैसे जमवा अन् वायसर आणून ठेवा." म्हाताऱ्याला ते पटलेलं दिसलं नाही. संध्याकाळी प्रार्थना शाळेच्या खोलीत, दार लावून, फक्त आलेल्या लोकांची. मी बाहेर भाजी चिरत होतो.

भांडण झालं ते पाटीवरून. क्रूस काढायचा, चर्चचं नाव टाकायचं, असं काहींचं ठरलेलं. बराच वेळ चाललं. शेवटी पाटीवर बोअरची खोली, पाइपांची संख्या आणि मेकॅनिकचा फोन नंबर एवढंच रंगवलं.

मूळची मोहननगरची, आता टेक्सास

इथल्या चर्चबरोबर ग्वाटेमालाला गेले. घरोघरी वाळूचे फिल्टर बसवायचे होते, सिमेंटच्या उभ्या पेटीचे. वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्म जीवांचा एक पापुद्रा धरतो आणि तोच जंतू खातो. तो तयार व्हायला महिनाभर लागू शकतो, वर दोन बोटं पाणी कायम उभं राहावं लागतं, आणि त्यात क्लोरीन ओतला की तो मरतो. क्लोरीन घालायचाच तर गाळलेल्या पाण्यात, वेगळ्या भांड्यात.

आम्ही काय केलं? वाळू चाळली, वाळू धुतली, पुन्हा धुतली. बसवण्याचं काम तिथलाच एक मिस्त्री करायचा आणि पापुद्रा धरेपर्यंत घरोघरी चक्कर मारायचं कामही त्याचंच, आम्ही तर त्याआधीच विमानात. आमच्या सगळ्यांच्या तिकिटांत त्याचा किती वर्षांचा पगार निघाला असता, हा हिशोब मी परतीच्या प्रवासात केला आणि चर्चच्या बैठकीत मांडला. आता आमचं चर्च माणसं कमी पाठवतं आणि त्याचा पगार देतं. वर्गणी मात्र आधीइतकी जमत नाही. स्वतः जायचं नसलं की लोकांचा हात आखडतो.

मेळघाटची, नर्सिंगला नागपुरात

मी दुसऱ्या बाजूची. तुम्ही लोक ज्या गावात जाता तिथली.

आमच्याकडे पाहुणे आले की दोन-तीन दिवस सगळ्या गावाचं पाणी त्यांच्यासाठी भरावं लागायचं. शहरातली माणसं आंघोळीला किती पाणी घेतात ते आम्हाला तेव्हाच कळलं. आई आणि मावशी पहाटे दरीतून गुंड (पाण्याच्या घागरी) भरून आणायच्या आणि तुम्ही लोक आम्हाला हात कसे धुवायचे ते शिकवायचे. रागाने लिहीत नाहीये, आम्ही लहान होतो, आम्हाला मजा यायची. गाणी शिकवायचे, बिस्किटं मिळायची. पण जाल तेव्हा आपलं पाणी टँकरने घेऊन जा.

एका गटातली दीदी वेगळी होती. ती आईबरोबर दरीत उतरली, रिकाम्या हाताने नाही, गुंड घेऊन. वर आल्यावर तिने हापशीच्या ओट्याचा नकाशा बदलायला लावला. ओटा उंच होता, भरलेला गुंड जमिनीवरून थेट डोक्यावर घ्यावा लागला असता. तिने बाजूला कमरेएवढा कट्टा बांधायला सांगितला, गुंड आधी त्याच्यावर ठेवायचा, मग डोक्यावर. सांडपाण्याची नाली पण लांब नेली, आईच्या वांग्याच्या वाफ्यापर्यंत. इंजिनीअर दादा म्हणत होते की हे आराखड्यात नाही.

आता नळयोजना आली आहे, माणशी रोज 55 लिटरची. उन्हाळ्यात वीज गेली की टाकी रिकामी, आणि बाया त्या कट्ट्यावर.

निवृत्त फिटर, जरीपटका

त्या दातांच्या डॉक्टरबाईंसाठी आणि विहीर उपसायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, वरच ठेवा. धुराने आत माणसं मेली आहेत. टाकून दिलेल्या विहिरीत आधी कंदील सोडून पाहा. विझला तर कोणीच उतरायचं नाही. जळत राहिला तरी विषारी वायू नाहीच असं समजू नका, आधी पाला बांधलेला दोर वरखाली करून हवा खेळवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं, आणि तो खाली पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, दोराने ओढायचं. पोरांकडून हे तोंडपाठ करून घ्या, मग टेम्पो भरा.