नव्या कॅमेऱ्याची वाट पाहताना : आवया, अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव

डिजिटल कॅमेऱ्याची नवी आवृत्ती येणार अशी कुणकुण लागली की छायाचित्रणाच्या वर्तुळात ‘बाजारात तुरी’ अशी अवस्था होते. सेन्सर (चित्र टिपणारा प्रकाशसंवेदी भाग) अजून कोणी पाहिलेला नसतो, तरी तो किती मेगापिक्सेलचा असावा यावर हमरीतुमरी होते; बॉडीचे, म्हणजे लेन्सविना मूळ कॅमेऱ्याचे, नाव ठरलेले नसते, तरी हातातली बॉडी विकायला काढण्याचे बेत आखले जातात. चर्चेच्या या धाग्यासाठी अनुभव मागवताना आम्ही तीनच गोष्टी विचारल्या होत्या : आपण कोणत्या कॅमेऱ्याची वाट पाहिली, त्याच्याविषयी कानावर आलेल्यापैकी काय खरे ठरले, आणि त्या ऐकीव माहितीचा आपल्या खरेदीवर काय परिणाम झाला. कोणत्या कंपनीचा कॅमेरा सरस हा वाद येथे नको, अशी विनंतीही केली होती. ती जवळजवळ सर्वांनी पाळली, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. नावे वगळून हे अनुभव पुढे देत आहोत.

पक्ष्यांची छायाचित्रे काढणारे एक सदस्य

माझी प्रतीक्षा लांबली ती निकॉनच्या डी३०० या बॉडीच्या वारसदारासाठी. डी३०० आला २००७ मध्ये, डी३००एस २००९ मध्ये, आणि त्यानंतर त्या दर्जाच्या एपीएस-सी (पूर्ण आकाराहून लहान सेन्सरच्या) बॉडीचे नाव कंपनीने कित्येक वर्षे काढले नाही. लोकांनी मात्र तिचे बारसे परस्पर उरकून टाकले होते. ‘डी४००’ या नावाने तिची वैशिष्ट्ये, तिचा वेग, तिच्या घोषणेचा महिना असे सारे काही अधूनमधून नव्याने कानावर येई. मार्च २०११ मध्ये जपानमधील भूकंपाने निकॉनच्या सेंदाई येथील कारखान्याला फटका बसला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थायलंडमधील पुरात अयुत्थया येथील कारखाना पाण्याखाली गेला. या दोन्ही घटना खऱ्या असल्यामुळे ‘कॅमेरा तयार आहे, केवळ उत्पादन अडले आहे’ या तर्काला उगाचच वजन आले. पुढे कारखाने पूर्ववत झाले, डी८०० आला, डी७१०० आला. डी४०० काही आला नाही. अखेर जानेवारी २०१६ मध्ये, डी५ च्या जोडीने, डी५०० जाहीर झाला, तेव्हा वाट पाहणाऱ्यांपैकी बरेच जण दुसरीकडे वळून गेले होते.

मधल्या काळात मी बॉडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे लांब पल्ल्याच्या लेन्सवर घातले, आणि पक्ष्यांच्या बाबतीत हा क्रम मला आजही योग्य वाटतो. खंड्या फांदीवरून सुटतो तेव्हा डी३००एस च्या सेकंदाला ७ चित्रांत पंखांची एखादीच स्थिती मनासारखी मिळत असे. डी५०० च्या १० चित्रांनी त्यात भर पडली. पण खरी सोय झाली ती चौकटीच्या जवळजवळ डाव्या-उजव्या कडेपर्यंत पसरलेल्या १५३ फोकस बिंदूंमुळे. पक्षी चौकटीच्या कडेला ठेवून पुढे उडायला जागा सोडायची, आणि तरीही डोळ्यावरचा फोकस ढळू द्यायचा नाही, हे त्यामुळे शक्य झाले. इतक्या वर्षांच्या आवयांमध्ये मेगापिक्सेल आणि वेग यांचाच हिशेब मांडला जात होता. बिंदू कोठवर पसरलेले असतील याची चर्चा निदान माझ्या वाचनात तरी कधी आली नव्हती.

समारंभांचे चित्रीकरण करणाऱ्या एक व्यावसायिक

अंधाऱ्या सभागृहात काम करणाऱ्या आम्हा मंडळींचे लक्ष सोनीच्या ए७एस मालिकेकडे असे. २०१५ च्या ए७एस-२ नंतर तिसरी आवृत्ती येण्यास जुलै २०२० उजाडले. दरम्यान सेन्सर अधिक मेगापिक्सेलचा होणार असे अनेकदा ऐकले, आणि आला तो पुन्हा १२ मेगापिक्सेलचाच. ज्यांना छायाचित्रे काढायची होती ते हिरमुसले; मला मात्र सेकंदाला १२० चौकटींचे ४के (अतिशय सुस्पष्ट) चित्रीकरण आणि भरवशाचा ऑटोफोकस हवा होता, आणि तो मिळाला.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅननने ईओएस आर५ विकसित होत असल्याचे स्वतःहून सांगितले. त्यातील ८के (४के हूनही सुस्पष्ट) चित्रीकरण म्हणजे केवळ जाहिरातीपुरता आकडा असावा, काही तरी काटछाट असणारच, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. प्रत्यक्षात जुलैमध्ये कॅमेरा आला तेव्हा ८के खरोखरच सेन्सरच्या पूर्ण रुंदीचे होते. काटछाट होती ती वेळेत : कंपनीच्याच तक्त्यानुसार २३ अंश सेल्सिअस तापमानात ८के ची सलग मर्यादा सुमारे २० मिनिटांची होती, आणि त्यानंतर बॉडी निवण्यासाठी थांबणे भाग होते. म्हणजे वैशिष्ट्याची बातमी अक्षरशः खरी होती आणि तरीही तीवर विसंबून समारंभाची कामे स्वीकारता आली नसती, कारण वचने उच्चारणारे दोन जीव कॅमेरा गार होण्यासाठी खोळंबत नाहीत. २०२४ मध्ये आर५ मार्क-२ सोबत पंखा असलेली, बॉडीला खालून जोडायची स्वतंत्र ग्रिप आली, यावरून ही अडचण किती खरी होती हे कळते.

तेव्हापासून नव्या बॉडीची वार्ता कानावर आली की मी उष्णतेची मर्यादा, सेन्सर वाचला जाण्याचा वेग, कोणते कार्ड लागेल आणि जुनी बॅटरी चालेल का, एवढेच शोधते. आवयांमध्ये यांतले सहसा काहीही नसते. त्यामुळे मी घोषणेनंतरही स्वतंत्र चाचण्या होईपर्यंत हात आखडता ठेवते. लग्नसराई तोंडावर असली तरीसुद्धा.

लहान कॅमेऱ्याचे एक चाहते

फुजीफिल्मचा एक्स१००व्ही २०२० चा. समाजमाध्यमांवर त्याची एकाएकी लाट आली आणि नवा कॅमेरा मिळणे दुरापास्त होऊन वापरलेल्याची किंमत नव्याच्या वर गेली. पुढची आवृत्ती येणारच आहे, तेव्हा थांबावे, हा सल्ला जो तो देत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स१००व्हीआय आला : ४० मेगापिक्सेल, बॉडीतच बसवलेली स्थिरीकरण यंत्रणा. आणि त्यालाही प्रतीक्षायादी लागली! मी तोवर त्याच सेन्सर-आकाराची दुसरी छोटी बॉडी आणि एक चपटी लेन्स घेऊन मोकळा झालो होतो. अधिक सांगण्यासारखे काही नाही.

आवयांचाच अभ्यास करणारे एक अभियंता

मला कॅमेऱ्याइतकाच त्याच्याविषयीच्या बातम्यांचा छंद आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेले उपकरण विकण्यापूर्वी अनेक देशांत रेडिओ लहरींच्या नियामकाकडे त्याची नोंद करावी लागते. या नोंदी सार्वजनिक असल्यामुळे त्यांतून एखादा अनोळखी सांकेतिक क्रमांक बाहेर येतो, आणि नवे उपकरण मार्गावर आहे एवढे त्यातून खात्रीने कळते. ते कोणते आहे, केव्हा येईल, त्यात काय असेल, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. तरी चतुर मंडळी त्याच क्रमांकावर संपूर्ण वैशिष्ट्यपत्रिका उभी करतात. पेटंटची गोष्ट याहून पोकळ. कंपन्या कधीही न बनणाऱ्या लेन्सचीही पेटंटे घेत असतात, तेव्हा पेटंटावरून लेन्सची वाट पाहणे म्हणजे आवळा देऊन कोहळ्याची आशा धरणे होय.

घोषणा जवळ आली की आवयांचा पोत बदलतो, हे मला अनेकदा जाणवले आहे. सुरुवातीला वाक्ये ‘अमुक असणार’ अशी ठाम असतात आणि आकडे गोल असतात. घोषणेला थोडे दिवस उरले की आकड्यांत दशांश येतात, वजन ग्रॅममध्ये येते, आणि शेवटी बॉडीचे स्वच्छ, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चित्र येते, ज्यात डायलवरची अक्षरेही वाचता येतात. माझा विश्वास बसतो तो या टप्प्यावर. धूसर, तिरपे, मोबाइलवर घाईने काढल्यासारखे दिसणारे चित्र मी सोडून देतो.

एका कंपनीने काही नवे केले की तेच सर्वांकडून अपेक्षिले जाते, हाही एक ठरलेला प्रकार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीने ए९-३ मध्ये पूर्ण आकाराचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) ग्लोबल शटर सेन्सर आणला, ज्यात सर्व पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात आणि म्हणून वेगाने फिरणारी वस्तू वाकडी दिसत नाही. लगोलग कॅननच्या आर१ मध्येही तेच असणार अशी हवा झाली. जुलै २०२४ मध्ये आर१ आला तो सुमारे २४ मेगापिक्सेलच्या स्टॅक्ड (थरांत बांधलेल्या, वेगाने वाचल्या जाणाऱ्या) सेन्सरसह, ग्लोबल शटरशिवाय, आणि लोकांनी कॅमेऱ्याला नावे ठेवली. वास्तविक ग्लोबल शटर फुकट मिळत नाही : ए९-३ चा मूळ आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेची नेहमीची किमान पातळी; ती जितकी कमी तितके चित्र स्वच्छ) २५० आहे, १०० नव्हे. अपेक्षा लोकांनी स्वतःच वाढवायची आणि अपेक्षाभंगाचे बिल कंपनीच्या नावावर फाडायचे, हा न्याय मला पटत नाही, मग कंपनी कोणतीही असो.

वापरलेल्या बॉडीच घेणारे एक सदस्य

नव्या आवृत्तीची घोषणा मीही डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण ती दुसऱ्यांनी विकत घ्यावी म्हणून. घोषणेनंतर काही आठवड्यांत जुन्या बॉडी भराभर विक्रीला येतात. शटर किती वेळा उडाले आहे ते विचारावे, माउंटची (लेन्स जोडण्याच्या जागेची) कडी आणि सेन्सरचा पृष्ठभाग उजेडात नीट पाहावा, कार्डाच्या खाचेतील पिना सरळ आहेत याची खात्री करावी आणि व्यवहार करावा. आपण सारे जण उत्साहाने अपग्रेड करत राहा, एवढीच नम्र विनंती.

जुन्या पिढीतील एक छायाचित्रकार

बॉडी न बदलता झालेले अपग्रेडही येथे नोंदवावेत. कॅननचा ५डी मार्क-२ हा २००८ मध्ये आला तेव्हा त्यातील पूर्ण एचडी चित्रीकरण सेकंदाला ३० चौकटींचेच होते. चित्रपट करणारे २४ साठी आर्जवे करत होते, आणि मार्च २०१० मधील फर्मवेअरने (कॅमेऱ्यातील आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीने) २४ व २५ चौकटी दिल्या. त्या काळात नवी बॉडी येणार अशी बोलवा होती. आले ते फर्मवेअर. पेंटॅक्सने तर २०१८ मध्ये के-१ मार्क-२ आणताना जुन्या के-१ धारकांना तीच बॉडी पाठवून आतील मुख्य सर्किट बोर्ड बदलून घेण्याची मुदतबंद सोय दिली होती. माझ्या एका स्नेह्याने ती घेतली. घासून रंग उडालेली बॉडी त्याच ओरखड्यांसह परत आली, फक्त नाव नवे होते. असे दुसऱ्या कोणी केल्याचे मला आठवत नाही, आणि कोणी करील अशी आवईदेखील ऐकू येत नाही.

रंगमंचावरील छायाचित्रे काढणाऱ्या एक सदस्य

मी सध्या वाट पाहणाऱ्यांपैकी आहे, म्हणून माझा अनुभव अर्धाच समजावा. नाटक चालू असताना शटरचा आवाज चालत नाही, त्यामुळे मला इलेक्ट्रॉनिक शटरच वापरावे लागते, आणि सेन्सर सावकाश वाचला जात असेल तर एलईडी दिव्यांखाली पात्राच्या चेहऱ्यावर आडवे काळसर पट्टे उमटतात. स्टॅक्ड सेन्सरवर हा त्रास बराच कमी होतो. निकॉनच्या झेड९ मध्ये तर सेन्सर इतक्या वेगाने वाचला जातो की कंपनीने यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. त्याहून स्वस्त तोडगा म्हणून जून २०२४ मधील झेड६-३ मध्ये अंशतः स्टॅक्ड सेन्सर आला. वेग वाढला, पण कमी आयएसओवरील डायनॅमिक रेंज (गडद सावली ते प्रखर उजेड यांतील तपशील एकत्र टिपण्याची क्षमता) आधीच्या झेड६-२ पेक्षा किंचित उतरली. रंगमंचावर मी बहुधा चढ्या आयएसओवर असते, म्हणून तो सौदा मला परवडतो. निसर्गदृश्ये टिपणाऱ्या माझ्या मैत्रिणीला परवडत नाही, आणि आम्ही दोघी एकाच आवईवर दोन वेगळी तोंडे करतो.

माझ्या आवडत्या मालिकेतील पुढच्या बॉडीबद्दल सध्या जे ऐकू येते त्यात मेगापिक्सेल वाढणार असल्याचाच गजर आहे. मला हवे आहे ते शटर दाबण्याआधीच्या क्षणाचे चित्र, आणि तेही रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात. ऑलिंपसने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ई-एम१ मार्क-२ मध्ये शटर पूर्ण दाबण्यापूर्वीच्या १४ चौकटी अशा साठवता येत होत्या, तेव्हा ही काही अचाट मागणी नव्हे. नटाने मान वळवल्यावर आपले बोट दाबले जाते आणि भाव तोवर ओसरलेला असतो. ही सोय आली तर मी लगेच घेईन. केवळ मेगापिक्सेल वाढले तर आहे तीच बॉडी आणखी एक हंगाम चालवीन, फक्त तिच्या आयकपचे (डोळा टेकवायच्या कडीचे) रबर बदलावे लागेल.